अभ्यासक्रम दिल्लीचा, प्रश्नपत्रिका आपली

मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,


नर्सिंग शिकणाऱ्या मुली विचार कसा करतात, आणि आपण त्यांना तो किती करू देतो, याबद्दल हे पत्र आहे. 'मुली' हे सवयीने लिहिते. वर्गात आता मुलगेही असतात. परिचर्या शाळेत पाठ्यनिर्देशिका म्हणून नोकरी केली, आता निवृत्त होऊन आगरदांड्याला राहते. खासगीत पाठवलं असतं तर पत्रावर आवक क्रमांक पडला असता आणि ते कुठल्याशा कक्षात विसावलं असतं, म्हणून उघड लिहिते आहे.

आगरदांडा म्हणजे मुरुड तालुक्याचा दक्षिण काठ. समोर राजपुरीची खाडी, पलीकडे दिघी, म्हणजे श्रीवर्धन तालुका. मधे रो-रो बोट चालते. मुरुडला ग्रामीण रुग्णालय आहे. त्याहून मोठं काही लागलं तर काशीद, रेवदंडा करत अलिबागचं जिल्हा रुग्णालय गाठायचं, पन्नास-साठ किलोमीटर. सागरी महामार्गाचा खाडीवरचा पूल होईल तेव्हा होईल. तोवर इथल्या एखाद्या वाडीत रात्री बाईच्या पोटात कळा सुरू झाल्या, तर पहिला निर्णय कोण घेतं? डॉक्टर नाही, बीएस्सी झालेली सिस्टरही नाही. घेते ती उपकेंद्रातली आरोग्य सेविका, म्हणजे एएनएम. बारावीनंतर दोन वर्षांचं शिक्षण, आणि डोंगरी किंवा आदिवासी भाग असेल तर तीन हजार, नाहीतर पाच हजार लोकवस्तीचं उपकेंद्र.

आता शिक्षणाची उतरंड पाहा. एएनएम दोन वर्षं, कोणत्याही शाखेची बारावी चालते. जीएनएम तीन वर्षं. बीएस्सी नर्सिंग चार वर्षं, विज्ञान शाखा हवी, परीक्षा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. जीएनएम झालेल्यांना वाटलं तर पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी, त्यावर एमएस्सी. बीएस्सीच्या बहुतेक मुली मोठ्या रुग्णालयात जातात, शिकवायला जातात, परदेशी जातात. जीएनएमच्या मुली अधिपरिचारिका म्हणून वॉर्डात लागतात. तिथे परिसेविका असते, निवासी डॉक्टर असतो, मॉनिटर असतो, शंका आली तर शेजारच्या खाटेजवळ उभी असलेली कुणीतरी अनुभवी बाई असते. एएनएमला उपकेंद्रात यातलं काहीच नसतं. असला तर फोन असतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा वीज गेली, मोबाइलचे मनोरे बंद पडले, रस्त्यावर झाडं आडवी झाली आणि 'वरिष्ठांना विचारून सांगते' हे वाक्यही उच्चारता येईना. त्या दिवसांत बाळंतपणं थांबली नव्हती.

माझं म्हणणं एवढंच आहे, की जिला निर्णय एकटीने घ्यावा लागतो तिलाच आपण निर्णय घ्यायला सर्वांत कमी शिकवतो.

हे कागदावरही दिसतं. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये बीएस्सी नर्सिंगचे सुधारित विनियम आणले. आठ सत्रं, क्षमतांवर आधारलेला अभ्यासक्रम, सिम्युलेशनचे तास, आणि चिकित्सक विचार हा स्पष्ट शब्दांत लिहिलेला हेतू. उत्तम झालं. पण खालच्या पायरीवर आलं की भर बदलतो: कृतीच्या पायऱ्या, औषधांची नावं, नोंदवह्या. वरच्या मुलीला 'का' शिकवायचं, खालच्या मुलीला 'कसं'. शहरातल्या वॉर्डापुरतं हे चाललंही असतं. खाडीकाठी चालत नाही.

शिवाय सरकारने एएनएमच्या हातात औषधं कमी दिलेली नाहीत. कुशल प्रसूती सहाय्यासाठी केंद्र सरकारने २०१० मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ती ऑक्सिटोसिन देऊ शकते, मिसोप्रोस्टॉल देऊ शकते, झटके आलेल्या गरोदर बाईला पुढे पाठवण्याआधी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊ शकते, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम. पुढे नवजात बाळाच्या जंतुसंसर्गात जेंटामायसिन देण्याची परवानगीही आली. हे धाडसी आणि योग्य निर्णय होते. प्रसूती सहाय्यासाठी एकवीस दिवसांचं प्रशिक्षणही आहे. पण हे झटके गर्भारपणाच्या रक्तदाबाचे आहेत की बाईला आधीपासून फिट येतात, रक्तस्राव गर्भाशय सैल पडल्यामुळे आहे की कुठे फाटल्यामुळे, हे ठरवल्याशिवाय सिरिंज भरता येत नाही. ते ठरवण्याचा सराव दोन वर्षांत कुठे झाला?

परीक्षेत तर नाहीच. मी पेपर तपासले आहेत. 'व्याख्या लिहा', 'लक्षणे लिहा', 'परिचारिकेच्या जबाबदाऱ्या लिहा', 'टिपा लिहा (कोणत्याही तीन)'. आदर्श उत्तरपत्रिकेत दहा मुद्दे असतात, मुद्द्याला एक गुण. मुलीने सहाच मुद्दे लिहिले, पण आधी काय करायचं, नंतर काय आणि का, हे नीट मांडलं, तरी तिला सहा. शेजारच्या मुलीने दहाच्या दहा मुद्दे उलटसुलट क्रमाने ओतले, 'नातेवाइकांना धीर द्यावा' पहिला आणि 'श्वासमार्ग मोकळा करावा' नववा, तरी तिला दहा. या गणितात मी कित्येक वर्षं गुण दिले. दुसरं काही करायची परीक्षकाला मुभाच नसते.

प्रॅक्टिकलमध्ये ट्रे मांडायचा. ट्रेमधल्या वस्तूंची नावं सांगायची, प्रत्येकीचा उपयोग सांगायचा. ट्रे महत्त्वाचाच आहे, हाताला वळण लागतं. पण समोर खरा रुग्ण आणून 'या बाईत काल आणि आज काय बदल झालाय?' असं विचारणारा व्हायवा मी क्वचितच पाहिला.

आणि केअर प्लॅन! याबद्दल मात्र तिन्ही अभ्यासक्रम एका माळेचे मणी. वरच्या वर्षाच्या मुलीची फाइल मिळवायची, रुग्णाचं नाव बदलायचं, खाट क्रमांक बदलायचा. अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेला रिक्षावाला असो की हृदयाच्या झडपेची आजी, दोघांनाही 'रुग्णालयातील अपरिचित वातावरणामुळे चिंता' हे परिचर्या निदान ठरलेलं. एका फाइलमध्ये पुरुष रुग्णाच्या केअर प्लॅनमध्ये स्तनपानाचा सल्ला मी वाचला आहे. ती मुलगी बीएस्सीची होती, चुणचुणीत होती, आणि तिला रागावण्यात अर्थ नव्हता. तिच्या फाइलवर माझ्या आधी दोन जणींच्या सह्या होत्या.

आता एक प्रश्न. माझ्या वर्गात मी तो वेगवेगळ्या रूपांत विचारत आले.

पहिलटकरीण, वय बावीस, आठवा महिना. पहिल्या तपासणीला रक्तदाब १००/६४, मधे १०८/७०, आज १३६/८८. पंधरा दिवसांत वजन जरा जास्तच वाढलंय. डोकं दुखतं म्हणते, पण लगेच 'नणंदेच्या लग्नाचं जागरण झालं' असंही सांगते. लघवी तपासायच्या पट्ट्या केंद्रात संपल्या आहेत. काय कराल?

पुस्तकातली रेषा १४०/९०. तिच्या आत आहे, म्हणून ढोबळमानाने एएनएमच्या मुलीचं उत्तर येतं, 'नॉर्मल आहे, कार्डावर नोंद करीन, लोहाच्या गोळ्या देऊन पुढच्या तारखेला बोलवीन.' जीएनएमची मुलगी म्हणते, 'डॉक्टरांना कळवीन.' बीएस्सीची मुलगी नाळेतल्या रक्तवाहिन्यांपासून सुरुवात करते, सुंदर सांगते, आणि बाई अजून स्टुलावर बसलेलीच असते. हे ठोकळे आहेत हे मला कळतं. प्रत्येक वर्गात याला अपवाद असणाऱ्या मुली मला भेटल्या. पण शिक्षणाने लावलेलं वळण असंच असतं: एक नोंद करते, एक कळवते, एक स्पष्टीकरण देते.

नंतर मी एकच जोडप्रश्न विचारायचे. 'ही आता घरी गेली आणि रात्री डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिला कोण आणणार, कशातून आणणार?' की वर्ग जागा व्हायचा. कुणीतरी मागचे आकडे ओळीने मांडायची, 'बाई, चढतच चाललंय.' कुणीतरी विचारायची, चेहऱ्यावर सूज आहे का, अंगठी घट्ट झाली का, छातीखाली दुखतं का. पट्टी नसली तरी लघवी उकळून ॲसेटिक ॲसिडचे थेंब टाकून पाहता येतं, हे शिकलेलं कुणाला तरी आठवायचं. चार तासांनी पुन्हा रक्तदाब घेऊ, तोवर तिला इथेच पडू दे, असं एखादी म्हणायची. एवढ्या आकड्यावर निदान होत नाही, हेही बरोबर. पण महिनाभराने बोलवायचं नाही, एवढं ठरायचं. आणि बहुतेक वेळा 'तिचा नवरा बोटीवर गेलाय का ते आधी विचारा' हे सुचायचं ते गावातून आलेल्या एएनएमच्या मुलीला. बीएस्सीच्या मुलींना ते सुचायला वेळ लागे.

म्हणजे विचार करण्याची कुवत पदवीप्रमाणे वाटलेली नाही. विचारणारं कुणी आहे की नाही, एवढाच फरक.

आपल्यापुढे सल्लागार एक वेगळा कागद ठेवतील, तोही मी पुढे करते, कारण तो खरा आहे. अमेरिकेत लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी २००३ साली पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास छापला. पदवीधर परिचारिकांचं प्रमाण दहा टक्के जास्त, तिथे शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूची शक्यता पाच टक्के कमी. २०१४ साली युरोपातल्या नऊ देशांत तोच कल दिसला, तिथे फरक सात टक्क्यांचा. मग करा की सगळ्यांना बीएस्सी! जीएनएम बंद करून सगळं पदवीकडे न्यायचा विचार दिल्लीत होऊनही गेला. पण त्याच युरोपीय अभ्यासात दुसरी ओळ आहे, ती कुणी वाचून दाखवत नाही: एका परिचारिकेकडचा एक रुग्ण वाढला की मृत्यूची शक्यता सात टक्क्यांनी वाढते. पदवी दिली आणि वॉर्डात एकटीला तीस खाटा दिल्या, तर पदवी काय करणार? आणि हे सगळे अभ्यास रुग्णालयांचे आहेत. उपकेंद्र म्हणजे रुग्णालय नव्हे.

वेगवेगळ्या अभ्यासक्रमांतल्या विद्यार्थिनींची विचारक्षमता थेट मोजण्याचेही प्रयत्न झाले. १९९० मध्ये पीटर फॅसिओन यांनी ४६ तज्ज्ञांना एकत्र करून चिकित्सक विचार म्हणजे काय याची व्याख्या केली, त्यातून कॅलिफोर्नियाची एक चाचणी निघाली, आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांवर ती जगभर लावली गेली. निकाल एकमुखी नाहीत. कुठे पदवीच्या मुली पुढे, कुठे फरकच नाही, कुठे वय आणि अनुभव पदवीपेक्षा जास्त बोलतो. मला त्यात एक वेगळीच धास्ती आहे. उद्या आपल्या खात्याने अशी चाचणी मागवली आणि म्हसळ्याच्या किंवा रोह्याच्या मराठी, उर्दू माध्यमातून आलेल्या मुलींना इंग्रजीतून दिली, तर मोजलं जाईल ते इंग्रजी. जी मुलगी सासूशी वाद घालून सुनेला दवाखान्यात आणते, ती इंग्रजी व्हायवाला गप्प उभी राहते. परीक्षक लिहितात, 'आकलन कमी'.

पदवीवाचूनही नेमका विचार शिकवता येतो, याचा पुरावा शोधायला मला परदेशी जावं लागत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने नव्वदच्या दशकात ३९ गावांत जे केलं ते १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलं. गावातल्या, थोडंफार शिकलेल्या बाया, आरोग्यदूत, नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायच्या आणि इंजेक्शन द्यायच्या. नवजात मृत्यूचं प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटलं. त्यांना दिलेली लक्षणं नीट वाचली की शिक्षक म्हणून मला हेवा वाटतो. 'रडणं क्षीण आहे का' एवढंच विचारलेलं नाही. आधी नीट रडणाऱ्या बाळाचं रडणं क्षीण झालं का, आधी दूध ओढणाऱ्याने ओढणं कमी केलं का, असं विचारलं आहे. कालचं आणि आजचं शेजारी ठेवून बघायला लावणारी ही यादी आहे. ती वापरायला बाईला बाळाजवळ पुन्हा पुन्हा जावं लागतं, आठवण ठेवावी लागते, तुलना करावी लागते.

नाहीतर नुसत्या यादीचं काय होतं, तेही आपल्याच देशात मोजलं गेलं आहे. उत्तर प्रदेशात १२० आरोग्य केंद्रांत सुरक्षित प्रसूतीची जागतिक आरोग्य संघटनेची तपासणी यादी वापरून पाहिली. दीड लाखांहून अधिक बाळंतपणं मोजली. प्रशिक्षकही दिले होते. यादीतल्या कृती जास्त होऊ लागल्या, आणि माता-बालकांचे मृत्यू मात्र घटले नाहीत. २०१७ साली हा निकाल प्रसिद्ध झाला. त्याची कारणं अनेक असतील, औषधांपासून मनुष्यबळापर्यंत. मी यादीच्या विरोधात नाही. १४०/९० ची रेषा हवीच, ती नसती तर आणखी बाया गेल्या असत्या. पण यादीवर टिकमार्क झाला म्हणजे बाईकडे पाहून झालं, असं शिकवणाऱ्या शाळेची मला भीती वाटते. पार्टोग्राफ पाहा. कळा चालू असताना अर्ध्या अर्ध्या तासाने टिंबं मांडत जायचा तो आलेख, कारण रेषा ओलांडली की थांबायचं नाही, हलवायचं. किती ठिकाणी तो बाळ झाल्यानंतर सावकाश, एकाच पेनाने, सुरेख भरला जातो, हे प्रसूतिगृहात काम केलेल्या कुणालाही विचारा.

आपल्या रायगडातलंच एक नाव घेते. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेली माणसं, मुलं डोळ्यांदेखत जायची. पुस्तकात कामाचं फारसं काही नव्हतं. त्यांनी केलं काय, तर रुग्णापाशी बसले. घाम, थंड पडलेले हातपाय, नाडी, रक्तदाब, फुप्फुसात पाणी कधी भरतं, सगळं तासातासाने लिहिलं. १९८२ मध्ये त्यांचं निरीक्षण 'लॅन्सेट'मध्ये आलं, पुढे प्राझोसिनचा उपचार आला, आणि चाळीस टक्क्यांच्या घरातले मृत्यू एक टक्क्याच्या आसपास आले. ते डॉक्टर होते, एमडी पुढे झाले. पण बिरवाडीत त्यांनी जे केलं, म्हणजे उशाशी बसून बदल टिपणं, ते नर्सिंगचंच काम आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नर्सिंगवरच्या पुस्तकात रुग्णाच्या निरीक्षणावर एक अख्खं प्रकरण आहे. आमच्या शाळांनी त्यांच्याकडून दिवा घेतला आणि शपथ घेतली. ती शपथही त्यांनी लिहिलेली नाही. १८९३ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटला लिस्ट्रा ग्रेटर यांच्या समितीने ती लिहिली, आणि तिच्या मूळ मसुद्यात डॉक्टरांना निष्ठेने साहाय्य करण्याचं वचन आहे. दीपप्रज्वलनाला पांढऱ्या गणवेशातल्या मुली ती म्हणतात, आईवडिलांचे डोळे भरून येतात, माझेही यायचे. निरीक्षणाचं प्रकरण मात्र कुणी वाचायला सांगत नाही.

कारण निरीक्षण करणारी मुलगी प्रश्न विचारते, आणि प्रश्न विचारणारी मुलगी उद्धट ठरते. 'सर, या आजींना किडनीचा त्रास आहे, हे इंजेक्शन याच डोसमध्ये द्यायचं ना?' एवढं विचारल्यावर वॉर्डात काय कानावर येतं ते मी इथे लिहीत नाही. एकदा ऐकलं की मुलगी शहाणी होते, म्हणजे गप्प होते. जीएनएमच्या मुलींनी वॉर्डात इतके तास काढलेले असतात की त्यांचा हात सर्वांत सफाईदार असतो. गप्प बसण्याची सवयही त्यांनाच सर्वांत लवकर लागते.

पुढे नोकरीत हीच सवय फळाला येते. मातामृत्यू झाला की त्याचं अन्वेषण करायचं असतं. केंद्राच्या सूचनांचा गाभा असा, की कुणाला दोषी धरायचं नाही, साखळी कुठे तुटली ते शोधायचं. आपल्याकडे बैठकीचं बोलावणं येतं ते बहुधा 'खुलासा सादर करा' या भाषेत. खुर्च्यांची रांग, समोर उभी एएनएम, हातात नोंदवही. ती काय सांगणार? तेच सांगणार ज्याने ती वाचेल. 'रक्तदाब नॉर्मल होता, सल्ला दिला होता, नातेवाइकांनी ऐकलं नाही.' तिला त्या दिवशी काय दिसलं, काय खटकलं, आणि खटकूनही ती का थांबली, ही एकच माहिती पुढच्या बाईला वाचवणारी असते, आणि नेमकी तीच कागदावर येत नाही.

हे खातं माझं नाही, सार्वजनिक आरोग्य विभागाचं आहे, असं आपण म्हणाल. बरोबर आहे. परीक्षा आपल्या अखत्यारीत, नोकरी दुसऱ्या विभागात, उपकेंद्र जिल्हा परिषदेकडे. त्या मंत्र्यांशी आपण एकाच मंत्रिमंडळात बसता, एवढं मात्र नोंदवते.

आणि अभ्यासक्रम दिल्ली ठरवते, राज्याच्या हातात काही नाही, असंही उत्तर येईल. ते मला मान्य नाही. अभ्यासक्रम दिल्लीचा असेल. प्रश्नपत्रिका आपली आहे. एएनएम आणि जीएनएमची परीक्षा महाराष्ट्र शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं, बीएस्सीची नाशिकचं विद्यापीठ. दोन्ही आपल्या विभागाच्या छत्राखाली. शाळेत काय शिकवलं जातं ते अभ्यासक्रमावरून ठरत नाही, मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिकांवरून ठरतं, हे प्रत्येक पाठ्यनिर्देशिकेला आणि प्रत्येक विद्यार्थिनीला ठाऊक आहे. अमेरिकेने परिचारिकांची परवाना परीक्षा एप्रिल २०२३ पासून बदलली: रुग्णाची कहाणी द्यायची, ती उलगडत न्यायची, आणि काय दिसलं, त्याचा अर्थ काय, आधी काय करणार हे विचारायचं. आपल्याला संगणकाची गरजही नाही. वरचा पहिलटकरणीचा प्रश्न पाठपोट कागदावर मावतो.

म्हणून मागणं असं, की येत्या परीक्षांपासून तिन्ही अभ्यासक्रमांच्या पेपरांत प्रसंगावर आधारलेल्या प्रश्नांचा ठरलेला वाटा असावा, आणि एएनएमच्या पेपरात तो सर्वांत मोठा असावा. गुण मुद्द्यांना नकोत, क्रमाला आणि कारणाला हवेत. उत्तर मराठीत लिहिलं तर एकही गुण कापू नये, जीएनएम आणि बीएस्सीलासुद्धा. बाजारात लगेच 'अपेक्षित प्रसंगसंच' निघतील, त्याची तयारी ठेवा. प्रसंग दर वेळी नवे घाला, म्हणजे गाइड छापणाऱ्यांनाही थोडा विचार करावा लागेल. परीक्षकांना आधी दोन दिवस एकत्र बसवा, कारण असा पेपर तपासणं आम्हालाच येत नाही.

दुसरं, एकत्र पोस्टिंग. एक एएनएमची, एक जीएनएमची, एक बीएस्सीची, अशा तिघींना पंधरा दिवस एकाच उपकेंद्रात ठेवा. रायगडात खाडीकाठी जागांना तोटा नाही. तिघींनी मिळून एका गरोदर बाईची फाइल लिहायची, आणि ती कुणाच्या जुन्या फाइलवरून उतरवता येणार नाही, कारण तशी फाइल अस्तित्वातच नसेल. दिघीच्या बाजूला बाळंतपण अडलं तर श्रीवर्धनला न्यायचं, माणगावला, की बोटीने इकडे आणायचं? भरती, वेळ, रस्ता, कुठे रक्त मिळेल, कुठे भूलतज्ज्ञ हजर असेल, याचा हिशेब कुठल्याही वर्षाच्या पुस्तकात नाही. बीएस्सीच्या मुलीला तिथे कळेल की तिला काय येत नाही. एएनएमच्या मुलीला कळेल की तिला काय येतं.

आणि शिकवणारी माणसं द्या. दहा विद्यार्थिनींमागे एक शिक्षक हे प्रमाण परिचर्या परिषदेचंच आहे. ते तपासणीच्या दिवशी जुळतं. इतर दिवशी पाठ्यनिर्देशिका वसतिगृह सांभाळते, शिष्यवृत्तीचे अर्ज भरते, कार्यक्रमांची रांगोळी पाहते. तिला आठवड्यातून दोन दिवस वॉर्डात, खाटेपाशी, मुलींबरोबर उभं राहू द्या. पदं रिकामी आहेत ती भरा. यावर जास्त लिहीत नाही. याचे प्रस्ताव आपल्या कार्यालयात आहेतच.

प्रसंगांचे काही प्रश्न मी वहीत लिहून ठेवले आहेत, विंचूदंशापासून बाळाच्या काविळीपर्यंत. सगळे याच किनाऱ्यावरचे आहेत. मंडळाने मागितले तर पाठवून देते. आदर्श उत्तरं मात्र पाठवणार नाही. ती परीक्षकांनी आधी स्वतः सोडवावीत. प्रश्न मराठीत आहेत, इंग्रजी हवं असल्यास ते करून घेण्याची व्यवस्था मंडळाने पाहावी.

कळावे,

आपली,
एक निवृत्त पाठ्यनिर्देशिका
आगरदांडा, ता. मुरुड, जि. रायगड